जतन की श्राद्ध?

घरातील वडीलधारे माणूस हिंडतेफिरते असते तोवर त्याची विचारपूस करण्यास कोणास सवड नसते. ते अंथरुणास खिळले म्हणजे मात्र त्याची तसबीर काढून घेण्याची सर्वांस एकच घाई होते. वैद्याकडे जाण्यापेक्षा तसबीरवाल्याकडे जाणे सोपे, आणि तसबीर भिंतीवर लागली की आपण कर्तव्य केले असे समाधानही पदरात पडते. हा प्रकार केवळ कुटुंबांतच घडतो असे नाही. राष्ट्रेही असेच वागतात, आणि सध्या ज्याला ‘सांस्कृतिक वारशाचे जतन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे त्यातील बराच भाग या तसबिरीच्याच जातीचा असतो. या आमच्या म्हणण्याचे एक ठळक उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. ते आहे नेदरलंड्समधील, म्हणजे ज्यांची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यास होती त्या वलंदेजांच्या देशातील.

त्या देशाच्या उत्तरेस फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे. प्रांत सखल, कालव्यांनी आणि उथळ सरोवरांनी विणलेला. तेथील लोकांची फ्रिजियन भाषा डचहून निराळी, आणि तिचा त्यांना मोठा अभिमान. या प्रांतात जुन्या काळी नगराचे हक्क मिळालेली अकरा गावे आहेत : लेवार्डन, स्नेक, आयल्स्ट, स्लोटन, स्टाव्होरन, हिंडेलोपन, वोर्कम, बोल्सवर्ड, हार्लिंगन, फ्रानेकर आणि डोक्कम. नगर म्हटले म्हणून वाचकांनी मोठ्या शहराची कल्पना करू नये. स्लोटनची वस्ती आजही हजाराच्या आतच आहे. कडक हिवाळ्यात पाणी गोठले म्हणजे पायांत पात्यांचे जोडे चढवून ही अकराही नगरे एका दिवसात पालथी घालावयाची, हा तेथील जुना पराक्रम. अठराव्या शतकातील लेखनातही त्याचा उल्लेख आढळतो. पिम म्यूलीर या क्रीडाप्रेमी गृहस्थाने १८९० च्या डिसेंबरात ही फेरी स्वतः पुरी केली, आणि पुढे २ जानेवारी १९०९ रोजी तिची पहिली रीतसर शर्यत झाली. त्याच महिन्यात तिची व्यवस्था पाहण्यासाठी एक संस्था स्थापन झाली; ती आजही आहे. या उपक्रमास ‘एल्फस्टेडनतोख्त’ म्हणतात. अकरा नगरांची यात्रा, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

यात्रा हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. शर्यत हा तिचा लहानसा भाग. बाकीचे हजारो लोक केवळ ती पुरी करावी म्हणून उतरतात. सुमारे २०० किलोमीटरची वाट. पहाटेच्या काळोखात निघावयाचे, प्रत्येक नगरी आपल्या पत्रिकेवर शिक्का मारून घ्यावयाचा, जेथे बर्फ कच्चा असेल तेथे काठावर चढून पात्यांसकट गालिच्यांवरून पावले टाकीत जावयाचे, आणि मध्यरात्रीपूर्वी लेवार्डनला परत यावयाचे. जो परत येतो त्याला एक लहानसा क्रॉस मिळतो. १९८६ साली वान ब्यूरेन या आडनावाने एक तरुण या गर्दीत उतरला होता. तो त्या देशाचा युवराज होता आणि आज तेथील राजा आहे. १९८५ आणि १९८६ अशा दोन्ही वर्षी जो पहिला आला तो एव्हर्ट वान बेंथेम गाई पाळणारा शेतकरी होता, आणि १९९७ चा विजेता हेंक आंखेनेंट हाही शेतकरीच. १९५६ साली तर आघाडीचे पाचजण हातांत हात घालून रेषेपार आले, आणि नियमाविरुद्ध वागल्याबद्दल संस्थेने त्या वर्षी कोणासच विजेता ठरविले नाही. ज्या उत्सवात राजपुत्राला आडनाव बदलावे लागते आणि पाच विजेते असून एकही विजेता नसतो, त्या उत्सवाची जात निराळी आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

परंतु या यात्रेचे खरे वैशिष्ट्य याहूनही वेगळे आहे. तिची तिथी माणसांच्या हाती नाही. सर्व वाटेवर सुमारे १५ सेंटीमीटर जाडीचा बर्फ धरला तरच ती भरते, नाही तर नाही. पंचांग नाही, मुहूर्त नाही, सरकारी आदेश नाही. १९०९ पासून आजवर ती अवघी १५ वेळा झाली. थंडी पडली तेव्हा १९४०, १९४१ आणि १९४२ अशी लागोपाठ तीन वर्षे झाली, आणि त्यांपैकी शेवटची दोन तर जर्मन सैन्याचा अंमल देशावर असताना झाली. थंडी पडली नाही तेव्हा शांततेच्या आणि सुबत्तेच्या काळातही झाली नाही. १९६३ चा तो प्रसिद्ध दिवस घ्या. उणे १८ अंश थंडी, अंगावर येणारा वारा आणि वाटेत साचलेला भुरभुरीत हिम. राइनीर पापिंग हा विजेता जवळजवळ अर्धी वाट एकटाच धावला. ९,२९४ हौशी यात्रेकरूंपैकी केवळ ६९ जण परत पोचू शकले. त्या लोकांनी हा दिवस अपयशाचा म्हणून विसरून टाकला नाही. उलट सर्वांत मोठ्या अभिमानाने तोच स्मरणात ठेवला. निसर्गाने ‘होय’ म्हणावे आणि तरीही नऊ हजारांस अर्ध्या वाटेवरून परतवावे, यात त्यांना अन्याय वाटला नाही.

आता आकडे पाहा. १९०९ ते १९६३ या ५५ वर्षांत ही यात्रा १२ वेळा झाली. त्यानंतर १९८५, १९८६ आणि ४ जानेवारी १९९७ अशी फक्त तीनदा. १९६३ नंतरचा २२ वर्षांचा खंड त्या वेळी लोकांस असह्य वाटला होता; १९९७ नंतरचा खंड त्याहूनही लांबला आहे. ज्यांनी ही यात्रा डोळ्यांनी पाहिलीच नाही अशी एक सबंध पिढी फ्रीसलंडमध्ये वाढली, शिकली आणि संसाराला लागली. अशा वेळी ‘या यात्रेला वारसा म्हणून संरक्षण द्या’ ही हाक उठावी हे स्वाभाविक आहे. आमचा वाद या हाकेशी आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते टाकाऊ नाही. युनेस्कोने २००३ साली अमूर्त वारशाच्या जतनाचा करार केला. नेदरलंड्सने तो २०१२ साली स्वीकारला. इमारती आणि शिल्पे यांप्रमाणेच रीती, कौशल्ये, उत्सव हेही वारसाच होत, आणि ते लोकांच्या अंगी असल्यामुळे लोक विसरले की नाहीसे होतात, हा त्या करारामागील विचार सर्वस्वी योग्य आहे. त्या देशात अशा गोष्टींची एक राष्ट्रीय सूचीही आहे, आणि तीत नाव घालू इच्छिणाऱ्या मंडळींनी आपला वारसा आपण पुढे कसा चालवू याची योजना स्वतः लिहून द्यावी असा तेथील दंडक आहे. हा दंडकही शहाणपणाचा. याच मार्गाने तेथील पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालविणाऱ्यांचे कौशल्य २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेले. मग चक्कीवाल्यास जे चालते ते बर्फावरच्या यात्रेकरूस का चालू नये, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : वारा अद्याप वाहतो आहे. चक्कीचे कौशल्य मरत होते ते माणसे शिकत नव्हती म्हणून. शिकणारे मिळाले, जुन्या चक्क्यांची डागडुजी झाली, कौशल्य जगले. रोग आणि औषध यांचा येथे मेळ आहे. परंतु अकरा नगरांच्या यात्रेस माणसांचा तुटवडा कधीच पडला नाही. १९९७ साली सुमारे १६,००० लोक बर्फावर उतरले. उद्या बर्फ धरला तर परवा याहून अधिक उभे राहतील, आणि चिठ्ठ्या टाकून त्यांना आवरावे लागेल. लोक विसरले नाहीत, कंटाळले नाहीत, विखुरले नाहीत. नाही ती थंडी. आता ज्या मंडळींना योजना लिहून द्यावयाची आहे त्यांनी त्या कागदावर लिहावे तरी काय? ‘आम्ही दरवर्षी पंधरा दिवस कडाक्याची थंडी पाडू’ असे? ज्या रोगाचे कारण त्या दप्तराच्या भिंतींबाहेर आहे, त्याचे औषध त्या दप्तरात शोधणे म्हणजे तापाच्या माणसाचा जन्मदाखला दुरुस्त करून आणणे होय.

कोणी म्हणेल, कागदाने लाभ झाला नाही तरी हानी तरी कोणती? आमच्या मते हानी आहे, आणि ती दुहेरी आहे.

पहिली हानी अशी की, ज्यांनी ही यात्रा खरोखर राखली त्यांच्यावरून नजर ढळते. तिचे रक्षण कोणत्याही मंत्रालयाने केलेले नाही. वाटेचे भाग पाडून नेमलेले २२ विभागप्रमुख आपापल्या पट्ट्यातला बर्फ मोजतात. पाणी गोठू लागले की बोटींची ये-जा बंद होते, आणि पाणी उपसणारे पंप थांबवून प्रवाह निश्चल ठेवला जातो, म्हणजे बर्फ नीट धरावा. १९९७ साली कच्च्या जागी दुसरीकडचा बर्फ कापून आणून बसविला होता. शेतकरी झाडाचे कलम करतो तसाच हा प्रकार. २०१२ च्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली तेव्हा गावोगावची माणसे झाडू आणि फावडी घेऊन बर्फावरचा हिम दूर करीत होती, कारण हिमाचे पांघरूण पडले तर खालचा बर्फ जाड होत नाही. सारा देश आणि परदेशचे बातमीदार लेवार्डनकडे कान लावून बसले होते. आणि ८ फेब्रुवारीस संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले की दक्षिणेकडील बर्फ पुरेसा नाही, यात्रा होणार नाही. व्यापाऱ्यांचा लाभ, वृत्तपत्रांचा रेटा, लाखो लोकांची हौस, पंधरा वर्षांची उपासमार, हे सारे एका पारड्यात होते. दुसऱ्या पारड्यात काही सेंटीमीटरांची उणीव होती. ते दुसरे पारडे जड ठरले. आमच्या मते या यात्रेच्या इतिहासात विजेत्यांच्या नावांइतकाच हा नकारही सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगा आहे. वारसा कशास म्हणतात ते त्या दिवशी दिसले : न झालेल्या यात्रेत.

दुसरी हानी अधिक गंभीर आहे. एखादी गोष्ट ‘संरक्षित’ झाली की ती दिसली पाहिजे, वेळेवर झाली पाहिजे, पाहुण्यास दाखविता आली पाहिजे, असा तगादा सुरू होतो. आजच कच्च्या जागी यंत्राने बर्फ धरवावा अशा कल्पना निघतात. ऑस्ट्रियातील वाइसनझे सरोवरावर १९८९ पासून डच लोक दरसाल जाऊन २०० किलोमीटरची पर्यायी यात्रा करतात. त्या यात्रेबद्दल आमची तक्रार नाही. ती स्वतःस पर्यायी म्हणविते, हा तिचा सच्चेपणा. परंतु एकाच सरोवराभोवती घातलेल्या फेऱ्या म्हणजे अकरा नगरे नव्हेत. तेथे हिंडेलोपनची म्हातारी खिडकीतून हात हलवीत नाही, आणि फ्रानेकरचा पोर धावत येऊन गरम पेयाचा पेला हातात देत नाही. उद्या वारशाच्या नावाने फ्रीसलंडमध्येच यंत्राने गोठविलेल्या गोल पट्ट्यावर ठराविक रविवारी ‘अकरा नगरांची यात्रा’ होऊ लागली, तर पत्रक छापील राहील, पोशाख जुने राहतील, तिकिटेही खपतील. आणि जी अनिश्चितता या यात्रेचा प्राण, तोच तेवढा निघून गेलेला असेल.

हे भय आम्ही उगाच कल्पिलेले नाही. धरणाच्या भिंतीतील भोकात बोट घालून गाव वाचविणाऱ्या डच मुलाची गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी इंग्रजी शाळेत वाचली असेल. ती जगभर पोचविली मेरी मेप्स डॉज या अमेरिकन बाईंनी, १८६५ च्या आपल्या ‘हान्स ब्रिंकर’ या पुस्तकातून. तेही बर्फावरच्या शर्यतीचेच पुस्तक. ते लिहिताना बाईंनी हा देश पाहिलेलाही नव्हता. खुद्द डच मुलांना तो वीर ठाऊक नव्हता. पण परदेशी प्रवासी त्याची चौकशी करू लागले, तेव्हा १९५० साली स्पार्नडाम येथे त्याचा पुतळा उभा राहिला. पाहुण्याच्या समजुतीखातर यजमानाने आपल्या घरात परका पूर्वज बसवून घेतला! वारसा हा दाखविण्याचा माल झाला की खरे काय आणि खोटे काय हा प्रश्न मागे पडतो, आणि खपते काय एवढाच पुढे राहतो.

मग या यात्रेचे खरे संरक्षण कोठे आहे? आम्ही तेही दाखवितो. फ्रीसलंडच्या शेजारच्या ग्रोनिंगन प्रांतात १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. तो काढून विकून त्या देशाने अनेक दशके संपत्ती मिळविली; भूकंपांनी लोकांची घरे तडकली तेव्हा कोठे हात आखडता घेतला, आणि २०२४ साली ते क्षेत्र कायमचे बंद झाले. एका देशाच्या वायूने सबंध पृथ्वी तापली असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु ज्या धुराने हिवाळा हरपला त्यात आपलाही वाटा आहे हे त्या देशातील काही नागरिकांनी ओळखले. उर्जेंडा या संस्थेने सुमारे ९०० नागरिकांसह स्वतःच्याच शासनावर फिर्याद केली. शासनाने तीन न्यायालयांत तिला विरोध केला, आणि तिन्ही न्यायालयांत ते हरले. २०१९ च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९९० च्या मानाने हा धूर २०२० च्या अखेरपर्यंत निदान २५ टक्क्यांनी घटविणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्या निकालपत्राचा विषय अकरा नगरे हा नव्हता. तरीही आमचे म्हणणे असे की बर्फावरच्या यात्रेचे जतन करणारा त्या देशातला खरा दस्तऐवज कोणता असेल तर तो हा, वारशाची सूची नव्हे. एका हाताने यात्रेस मानपत्र द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने अशा फिर्यादीस शेवटपर्यंत विरोध करावयाचा, यास जतन म्हणत नाहीत. आपल्याकडे यास जिवंतपणी केलेले श्राद्ध म्हणतात.

‘मग तोवर हातावर हात ठेवून बसावे काय?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे लोक करीतही आहेत. हिंडेलोपन येथे बर्फावरच्या पात्यांचे संग्रहालय आहे. जुनी लाकडी पाती आणि चामड्याचे बंद तेथे पाहावयास मिळतात. ते राहावे, वाढावे. वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्या. चार दिवस का होईना पाणी गोठले की गावोगावच्या मंडळ्या मुलांना पाती बांधून बर्फावर सोडतात. त्या मंडळ्यांस बळ द्यावे. विभागप्रमुख नेमले जावे आणि त्यांनी बर्फ मोजीत राहावे. यात्रा होणार असे सांगणारे ‘इट गिएट ओन’ हे फ्रिजियन शब्द सबंध डच देशाने उचलले आहेत. ज्या लहान भाषेकडे राजधानीतील लोक एरवी पाहत नाहीत, तिच्यातील तीन शब्दांसाठी सारा देश जिवाचा कान करतो. ती भाषा शाळेत शिकविली जावी. हे सारे करण्यास सूचीचा कागद उपयोगी पडत असेल तर तोही खुशाल वापरावा. आमचा विरोध कागदास नाही. कागदावर सही झाली म्हणजे काम झाले, या समजुतीस आहे.

आमच्या उष्ण देशात बसून आम्ही गोठलेल्या कालव्यांची चिंता का वाहावी, असे एखाद्या वाचकाच्या मनात आले असेल. तोच करार भारतानेही २००५ साली स्वीकारला आहे. २०१७ साली कुंभमेळा युनेस्कोच्या यादीत गेला. त्यात आमचे नाशिकही आले. आम्हांस आनंद झाला, पेढे वाटावेसे वाटले. परंतु मेळ्याला गोदावरी ही तशीच आहे जसा त्या यात्रेला बर्फ. यादीत नाव आल्याने नदीचे पाणी निर्मळ झाले नाही, आणि होणारही नव्हते. ते काम कोणा यादीचे नव्हे, काठावर राहणाऱ्यांचे आणि त्यांनी निवडून दिलेल्यांचे आहे. दूरच्या घरातले व्यंग आपल्याला लवकर दिसते. ते पाहून झाल्यावर आपल्या घरी दिवा लावून पाहावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला.

फ्रीसलंडमध्ये उद्या कदाचित बर्फ धरेल. कदाचित पुन्हा कधीच धरणार नाही. धरला, तर कोणतीही सूची नसताना सारा प्रांत पहाटेच्या काळोखात रस्त्यावर येईल, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. न धरला, तर त्या संस्थेने आपल्या वहीत १५ यात्रांची नोंद तशीच ठेवावी, आणि खाली शेवटची तारीख राहू द्यावी. सोळाव्या जागी यंत्राच्या बर्फावरची खोटी यात्रा लिहिली जाण्यापेक्षा ती जागा कोरी राहिलेली बरी. कारण ती का कोरी राहिली, हे पुढच्या पिढ्या निदान विचारतील तरी, आणि त्याचे उत्तर देणे आपल्या पिढीस चुकविता येणार नाही.